गुणवंतांचा गौरव : नियम आणि न्याय

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कुंभकोणम येथे योजिलेल्या गुणगौरव समारंभातील भाषण)



मंडळाला पन्नास वर्षे पुरी होत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु कावेरीकाठच्या या गावात मराठी बोली पन्नास वर्षांची नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी राजांनी तंजावरास गादी स्थापन केली, तेव्हापासून ती येथे नांदत आहे. नावापुढे केवळ 'राव' लावणारी, घरात तंजावरी मराठी आणि दारात तामिळ बोलणारी जुनी घराणी आपल्यात आहेत. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या भागांतून सोन्याचांदीच्या गलाईच्या व्यवसायानिमित्त तामिळनाडूच्या गावोगावी पसरलेली कुटुंबे आहेत. बँकेत, रेल्वेत, महाविद्यालयांत नोकरीसाठी आलेली माणसे आहेत. यांची बोली निराळी, जेवणाची चव निराळी, सणवारांच्या चालीही थोड्याफार निराळ्या. मात्र मे-जूनमध्ये निकाल लागले की सर्वांच्या ओठांवर एकच प्रश्न येतो, 'किती पडले?' आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, 'पहिला कोण आला?'

या दुसऱ्या प्रश्नाविषयी आज आम्ही बोलणार आहो. तसे कारणही घडले आहे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने सभासदांनी जो निधी जमविला, त्याच्या व्याजातून दहावी व बारावीच्या गुणवंत विद्यार्थ्यांस दरवर्षी पारितोषिक द्यावे असा विचार समितीने केला आहे. हेतू उत्तम आहे. परंतु समितीच्या बैठकीत पहिल्याच दिवशी अडचण उभी राहिली, ती ही की पहिला ठरवायचा कसा? आपली मुले एका परीक्षेला बसत नाहीत. कोणी राज्य मंडळाच्या शाळेत आहे, कोणी केंद्रीय मंडळाच्या, कोणी आय. सी. एस. ई. च्या, आणि कोणी आजीआजोबांजवळ राहून महाराष्ट्र मंडळाची परीक्षा देतो. बारावीच्या परीक्षेत एकास राज्य मंडळाचे ६०० पैकी ५६२ गुण मिळाले आणि दुसऱ्यास केंद्रीय मंडळाचे ५०० पैकी ४७१ मिळाले, तर शेकडेवारीने दुसरा अर्ध्या टक्क्याने पुढे ठरतो. परंतु दोन निराळ्या तराजूंवर तोललेल्या वस्तूंची वजने अशी एकमेकांजवळ मांडून त्यांत अर्धा टक्का शोधणे, यास मोजमाप म्हणता येईल काय?

बंधुभगिनींनो, या चर्चेत दोन शब्द नेहमी एकमेकांत मिसळतात. एक आहे नियमाची समानता आणि दुसरा आहे न्याय. सर्वांस एकच नियम लावला म्हणजे न्याय झाला असे आपण समजतो. वस्तुतः नियम सर्वांस सारखा असूनही न्याय होत नाही असे घडते. तसेच न्याय करण्याच्या सद्हेतूने काहींना निराळा नियम लावावा, तर विश्वासच नाहीसा होतो असेही घडते. गुणवंतांचा गौरव करावयाचा तर दोन्ही गोष्टी एकत्र सांभाळाव्या लागतात. याचा सर्वांत मोठा दाखला शोधण्यासाठी आपणांस दूर जावयास नको. तो याच गावातला आहे.

सारंगपाणी देवळाच्या सन्निधी रस्त्यावरील एका लहानशा घरात श्रीनिवास रामानुजन लहानाचे मोठे झाले. १८९७ साली प्राथमिक परीक्षेत हा मुलगा तंजावर जिल्ह्यात पहिला आला. येथील टाऊन हायस्कुलातून १९०४ साली तो बाहेर पडला, तेव्हा गणितातील प्रावीण्याबद्दल त्यास के. रंगनाथराव पारितोषिक मिळाले. ते देताना मुख्याध्यापक कृष्णस्वामी अय्यर यांनी या मुलाची योग्यता पूर्ण गुणांपेक्षाही अधिक आहे अशा अर्थाचे उद्गार काढले. पुढे येथील सरकारी महाविद्यालयात त्यास शिष्यवृत्तीही मिळाली. येथवर सारे यथायोग्य झाले.

परंतु पुढे काय झाले? महाविद्यालयात त्याचे लक्ष गणिताखेरीज कशातच लागेना. इतर विषयांत, विशेषतः इंग्रजीत, तो मागे पडला आणि शिष्यवृत्ती गेली. नंतर मद्रासच्या पच्चैयप्पा महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९०६ आणि १९०७ अशी दोन वर्षे एफ. ए. च्या परीक्षेत तो अनुत्तीर्ण झाला. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. शिष्यवृत्ती काढून घेणाऱ्यांनी कोणता पक्षपात केला नव्हता. सर्व विषयांत उत्तीर्ण व्हावे, हा नियम सर्वांस होता आणि तो त्यासही लागला. नियमाच्या समानतेत तिळमात्र उणीव नव्हती. तरीही ज्या मोजपट्टीत एका विषयातील अलौकिक बुद्धीस जागाच नव्हती, तिने त्या काळातील बहुधा सर्वश्रेष्ठ गणिती विद्यार्थी नापास ठरविला.

हे कसे सुधारले तेही पाहण्यासारखे आहे. नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्रराव स्वतः गणिताचे व्यासंगी होते. त्यांनी रामानुजनांच्या वह्या पाहिल्या आणि काही काळ पदरचे पैसे देऊन त्यांचा निर्वाह चालविला. १९१२ साली मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपयांची कारकुनी मिळाली. १९१३ साली केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांस रामानुजनांनी पत्र लिहिले. त्याच वर्षी वेधशाळा खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी त्यांचे काम पाहून मद्रास विद्यापीठास शिफारस केली. हे वॉकर १८८९ चे केंब्रिजचे सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत सर्वप्रथम आलेले गृहस्थ होते. परीक्षेत पहिल्या आलेल्या माणसाने परीक्षेत दोनदा नापास झालेल्या माणसाची योग्यता ओळखावी, हा प्रसंग आम्हांस फार बोलका वाटतो. विद्यापीठाच्या गणित अभ्यासमंडळाने विचार केला आणि पदवी नसताही त्यांस दरमहा ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दोन वर्षांसाठी देण्यात आली. नियमास अपवाद झाला खरा. पण तो चोरवाटेने झाला नाही. जाणकारांनी काम पाहिले, लेखी अभिप्राय दिला, अधिकृत मंडळाने ठराव केला. अपवाद करावयाचा तर असा उघडपणे आणि सकारण करावा, हे त्यातून शिकण्यासारखे आहे. पुढे १९१८ साली रामानुजन रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, हे सर्वश्रुतच आहे.

वॉकर यांच्या निमित्ताने रँग्लर हा शब्द आला. मराठी माणसास तो परका नाही. दापोली तालुक्यातील मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. महाराष्ट्रात घरोघर त्यांचे नाव पोहोचले, आणि फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाल्यावरही 'रँग्लर' हे बिरूद त्यांच्या नावास कायमचे जोडले गेले. परंतु एक तपशील आपण सहसा सांगत नाही. त्या वर्षी परांजपे एकटे पहिले नव्हते. जॉर्ज बर्टविसल नावाच्या विद्यार्थ्याबरोबर त्यांस पहिले स्थान विभागून देण्यात आले होते. त्यामुळे परांजप्यांचा मान तसूभरही उणा झाला काय? मुळीच नाही. दोघे समान ठरले म्हणून दोघांस समान मान दिला गेला, इतकेच. पहिल्या जागेवर एकच माणूस बसला पाहिजे हा हट्ट केंब्रिजनेही धरला नव्हता.

किंबहुना दहाच वर्षांनी केंब्रिजने ती क्रमवारीच मोडीत काढली. क्रमांकांची शेवटची यादी १९०९ साली लागली. पुढे उत्तीर्ण विद्यार्थ्यांची नावे वर्गवार, पण वर्गात वर्णानुक्रमे छापू लागले. कारण असे की, एकेका क्रमांकासाठी खाजगी शिक्षकांकडे घोकंपट्टी चाले, परीक्षेच्या युक्त्या शिकविल्या जात आणि खरे गणित बाजूस पडे. हार्डी स्वतः १८९८ चे चौथे रँग्लर; त्यांनीही या परीक्षापद्धतीवर सडकून टीका केली. रामानुजन १९१४ साली केंब्रिजला पोहोचले तेव्हा ही क्रमवारी इतिहासजमा झाली होती. ज्याने नंबर गमावले त्यास नंबर टाकून दिलेल्या विद्यापीठाने पदवी दिली, हाही एक योग म्हणावयाचा.

केंब्रिजने १९०९ नंतर जे केले, ते तामिळनाडूने शंभरावर वर्षांनी केले. राज्यात दहावी-बारावीच्या निकालाबरोबर पहिल्या तीन क्रमांकांची यादी जाहीर होत असे. त्यातही तामिळ भाषा घेऊन परीक्षा दिलेल्यांची यादी एक आणि संस्कृत, फ्रेंच अशा भाषा घेतलेल्यांची निराळी. हे योग्यच होते. कारण निरनिराळ्या भाषांच्या उत्तरपत्रिकांत गुण सारख्या हाताने पडत नाहीत. पण त्या यादीचे पुढे काय झाले ते पाहा. २०१४ साली दहावीत ५०० पैकी ४९९ गुण मिळवून १९ विद्यार्थी पहिले आले. पुढच्याच वर्षी, २०१५ साली, तेवढेच गुण मिळवून ४१ विद्यार्थी पहिले आले. दुसऱ्या क्रमांकावर त्याहून कितीतरी अधिक. म्हणजे एका गुणाच्या फरकाने एखादे मूल बेचाळिसावे व्हावयाचे आणि लोकांच्या लेखी मात्र 'दुसरे' ठरावयाचे! तो एक गुण भाषेच्या उत्तरपत्रिकेत एका परीक्षकाने दिला असता आणि दुसऱ्याने दिला नसता. जी मोजपट्टी इंचापर्यंतच मोजते, तिच्यावर केसाची जाडी वाचण्याचा हा प्रकार होता. अखेर मे २०१७ मध्ये राज्य सरकारने क्रमांक जाहीर करणे बंद केले. मुलांवरील ताण आणि अनारोग्यकारक चढाओढ ही कारणे त्या वेळी सांगण्यात आली. आय. सी. एस. ई. परीक्षा घेणाऱ्या परिषदेने २०२४ साली गुणवत्ता यादी थांबविली. केंद्रीय मंडळही आता अशी यादी काढीत नाही. मात्र प्रत्येक विषयात वरच्या ०.१ टक्के विद्यार्थ्यांस प्रमाणपत्र देण्याची प्रथा त्याने ठेवली. ही प्रथा आपण लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचा उपयोग आहे.

आता दुसरी अडचण, म्हणजे निरनिराळ्या मंडळांचे गुण एका पंक्तीत कसे बसवावे? ही अडचण केवळ आपल्या मंडळाची नाही. सरकारांनाही ती सुटता सुटलेली नाही. तामिळनाडूने अभियांत्रिकी प्रवेशासाठी २००६ च्या कायद्यात एक रीत घालून दिली. ती समजावयास सोपी आहे. समजा, पदार्थविज्ञानात राज्य मंडळाचे सर्वोच्च गुण १०० आहेत आणि दुसऱ्या एखाद्या मंडळाचे ९०. तर ते ९० हे १०० च्या बरोबरीचे धरावयाचे, आणि त्या दुसऱ्या मंडळात ६० गुण मिळविणाऱ्याचे गुण सुमारे ६६.६७ समजावयाचे. कल्पना चांगली आहे. प्रत्येकास त्याच्याच मंडळाच्या मापाने मोजण्याचे तत्त्व तीत आहे. परंतु सारा भार त्या एका सर्वोच्च गुणावर पडतो. दुसऱ्या मंडळात एकाही मुलाने १०० पैकी १०० मिळविले की बाकी लाखो मुलांच्या गुणांत काहीच फरक पडत नाही. तरीही या पद्धतीची एक बाजू आम्हांस फार मोलाची वाटते. दोघांचे एकूण गुण समान पडले तर आधी गणिताचे पाहावे, मग पदार्थविज्ञानाचे, अशी उतरंड आधीच छापलेली असते. शेवटी जन्मतारीखही समान निघाली तर संगणकाने दिलेल्या क्रमांकावर निकाल लागतो. तो निव्वळ नशिबाचा भाग होय. पण नशीबसुद्धा आधी सांगून काढले, तर त्याविषयी कोणी तक्रार करीत नाही.

महाराष्ट्रातही हाच पेच अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी पडला. राज्य मंडळाची मुले इतर मंडळांच्या मुलांपुढे मागे पडतात, म्हणून सरकारने २००८ साली शतमान पद्धतीचा, तर २००९ साली राज्य मंडळासाठी ९० टक्के जागा राखण्याचा मार्ग अवलंबिला. मुंबई उच्च न्यायालयात दोन्ही टिकले नाहीत. २०१० साली उत्तम गुणांचे पाच विषय धरण्याचा नियम आला, तोही उच्च न्यायालयाने रद्द केला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने मात्र तो ग्राह्य धरला. तीन वर्षांत तीन नियम! यांतील कोणता चांगला, हा वाद आम्ही येथे करीत नाही. परंतु दरवर्षी निकालाच्या तोंडावर नियम बदलू लागला की चांगल्या नियमावरही लोकांचा विश्वास बसत नाही, एवढे मात्र खरे.

आणि हा विश्वास किती नाजूक असतो ते २०२४ साली साऱ्या देशाने पाहिले. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेचा निकाल ४ जून रोजी लागला, तेव्हा ६७ विद्यार्थ्यांस ७२० पैकी ७२० गुण मिळून ते सारे पहिले ठरले. त्यांपैकी ४४ जण पदार्थविज्ञानाच्या एका प्रश्नामुळे तेथे पोहोचले होते. जुन्या पाठ्यपुस्तकात एक उत्तर आणि नव्यात दुसरे, म्हणून दोन्ही उत्तरे बरोबर धरली गेली होती. आणखी ६ जण वेळ वाया गेल्याची भरपाई म्हणून दिलेल्या वाढीव गुणांमुळे वर आले होते. असे वाढीव गुण देशभरात १,५६३ परीक्षार्थ्यांस दिले होते. ते रद्द करून त्यांच्यासाठी २३ जून रोजी फेरपरीक्षा ठेवण्यात आली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रश्नावर दिल्लीच्या आय. आय. टी. तील तज्ज्ञांचा अभिप्राय मागविला. एकच उत्तर बरोबर ठरले आणि जुलैअखेरच्या सुधारित निकालात पहिल्या क्रमांकावर १७ विद्यार्थी उरले. ६७ चे १७! जे पन्नास जण खाली आले त्यांनी काय अपराध केला होता? काहीच नाही. वेळ बुडालेल्यास भरपाई द्यावी, जुने पुस्तक वाचलेल्याचे नुकसान होऊ नये, हे दोन्ही हेतू दयेचेच होते. परंतु ती दया आधी सांगितलेल्या नियमातून आली नव्हती, आणि सर्वांस सारखी लाभली नव्हती. रामानुजनांच्या बाबतीत नियम सारखा होता, पण न्याय घडला नाही. येथे न्याय करावयाचा होता, पण नियम सारखा राहिला नाही. या दोन टोकांमधून आपल्या लहानशा मंडळास वाट काढावयाची आहे.

यावर कोणी म्हणेल, एवढी भानगड कशाला? गौरवच बंद करा. आम्हांस हे मान्य नाही. गौरवाने माणूस उभा राहतो. ज्या गरीब घरातील मुलास शाळेने पारितोषिक दिले नसते, त्याच्या वह्यांकडे पुढे कोणी पाहिले असते किंवा नाही, कोण जाणे! याच कुंभकोणमात १८२८ साली जन्मलेले, आपल्याच देशस्थ मराठी घराण्यातील टी. माधवराव मद्रासच्या सरकारी हायस्कुलात शिकले आणि १८४६ साली प्रावीण्याची पदवी सन्मानाने घेऊन बाहेर पडले. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी केली. चिंतामणराव देशमुख १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळविली. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून आपण त्यांस ओळखतो. आणि परक्या प्रांतात तर गौरवाचे मोल अधिकच आहे. विट्याच्या मराठी शाळेतून उठून येथे आलेले मूल नवी लिपी शिकते, नव्या भाषेत इतिहास-भूगोल लिहिते. त्याच्या पाठीवर आपल्या माणसांनी हात ठेवला नाही तर कोणी ठेवावा? म्हणून प्रश्न गौरव करावा की न करावा हा नाही. तो असा करावा की मिळालेल्यास संकोच वाटू नये आणि न मिळालेल्यास अन्याय वाटू नये.

या दृष्टीने काही सूचना आम्ही समितीपुढे नम्रपणे ठेवतो.

पहिली सूचना अशी की, नियम शाळा सुरू होताना, जूनमध्ये, छापून सर्व कुटुंबांच्या हाती द्यावा. निकाल लागल्यावर त्यात कानामात्रेचाही बदल करू नये. काही उणीव दिसली तर ती पुढच्या वर्षाच्या नियमात सुधारावी. परीक्षा झाल्यावर सुचलेला उत्तम नियमसुद्धा त्या वर्षापुरता वाईटच समजावा.

दुसरी सूचना, पहिला-दुसरा-तिसरा ही भाषा सोडून द्यावी. प्रत्येक परीक्षा-मंडळासाठी एक रेषा आधी ठरवावी आणि ती ओलांडणाऱ्या प्रत्येकाचा सारखाच गौरव करावा. नावे वर्णानुक्रमे वाचावी. रेषा ठरविताना मूल आपल्याच मंडळातील इतर मुलांच्या तुलनेत कोठे आहे ते पाहावे. उदाहरणार्थ, २०२४ साली केंद्रीय मंडळाच्या बारावीस सोळा लाखांवर विद्यार्थी बसले आणि त्यांपैकी २४,०६८ जणांस ९५ टक्के किंवा अधिक गुण मिळाले, म्हणजे शंभरांत साधारण दीड. असे आकडे जेथे मिळतात तेथे ते आधारास घ्यावे. ज्यास रेषा ओलांडता आली तो गुणवंत. मग असे गुणवंत दोन निघोत वा बारा. निधीचे व्याज तेवढ्यांत सारखे वाटावे. परांजप्यांस मान विभागून चालला, आपल्या मुलांसही चालेल.

तिसरी सूचना, एकूण गुणांखेरीज एका विषयातील असामान्य प्रावीण्यासाठी निराळे पारितोषिक असावे, मग बाकी विषयांत गुण कितीही असोत. ज्या गावात रामानुजनांस गणिताचे पारितोषिक मिळाले, त्या गावातील मंडळास ही आठवण शोभून दिसेल.

चौथी सूचना शाळा व माध्यम बदलून आलेल्या मुलांसाठी आहे. त्यांच्या गुणांत मनाने भर घालू नये. तशी भर उद्या प्रत्येकजण मागेल. त्यांच्यासाठी वेगळा गौरव ठेवावा आणि त्याच्या अटीही आधीच लिहून ठेवाव्या. राज्याने भाषेप्रमाणे यादी वेगळी ठेवली होती, ते याच तत्त्वावर.

पाचवी सूचना अशी की, गौरव आणि साहाय्य यांची गल्लत करू नये. गौरव गुणांचा असतो, साहाय्य गरजेचे असते. साहाय्य मिळणारे मूल एका परीक्षेत घसरले, तर त्याची विचारपूस केल्यावाचून मदत थांबवू नये. अपवाद करावा लागला तर विषयाच्या जाणकाराचा लेखी अभिप्राय घ्यावा आणि कारण इतिवृत्तात नोंदवावे.

शेवटी व्यवहाराच्या दोन गोष्टी. फेरतपासणीत गुण बदलतात. म्हणून यादी पहिल्या निकालाच्या दिवशी न लावता फेरतपासणीची मुदत संपल्यावर लावावी. आणि ज्या सभासदाच्या घरातील मूल त्या वर्षी परीक्षेस बसले असेल, त्याने निर्णयाच्या वेळी बैठकीत बसू नये. यात अविश्वासाचा प्रश्न नाही. आपल्या माणसांत राहताना काही प्रश्न मुळात उद्भवू न देणे हेच शहाणपणाचे असते.

आईवडिलांस आम्ही एवढेच विनवितो की, दुसऱ्याच्या मुलाचे गुण विचारण्याआधी ते मूल कोणत्या शाळेत, कोणत्या भाषेत आणि कशा परिस्थितीत शिकत आहे, हे विचारावे. तसे केले की तुलनेची धार आपोआप बोथट होते.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी ज्यांचा आज गौरव होत आहे त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन. तुम्ही कष्ट केले, त्याचे हे फळ आहे. ज्यांचे नाव आज वाचले जाणार नाही त्यांनी उदास होऊ नये. यादी त्या वर्षीच्या एका परीक्षेची असते. तुमच्या बुद्धीची मोजदाद त्या एका परीक्षेत संपत नाही. परीक्षेस मान द्यावा, तिची तयारी मनापासून करावी. परंतु तिच्या निकालास आपल्या योग्यतेचा शेवटचा शब्द समजू नये.

दूरदेशी राहणाऱ्या समाजाजवळ सत्ता नसते, मोठे धनही नसते. एकमेकांवरचा विश्वास हेच त्याचे खरे भांडवल असते. आपल्या मुलांस वागविताना तो विश्वास जपला गेला, तर पुढील पन्नास वर्षांतही हे मंडळ एकत्र राहील, असा आमचा विश्वास आहे.